ठेंगणीतला अर्धा वाटा

१४ मार्च, गुरुवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. ठेंगणीच्या पुढच्या डाव्या चाकाचे नट घट्ट करून आत्ताच हात धुतले आहेत. कागदावर डाग दिसला तर तो ग्रीसचा आहे, चहाचा नाही.

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. भाऊजींना नमस्कार, भाचीला गोड पापा. तिचा हलणारा दात पडला का? पडला असेल तर कोणत्या तारखेला ते कळव.

पत्र लिहायला तूच सांगितलंस. "फोनवर तू पाल्हाळ लावतोस आणि मुद्दा आला की ठेवून देतोस. लिहून पाठव, म्हणजे तरी सरळ येशील." म्हणून लिहितो आहे. कच्चं लिहून झालं, हे पक्कं आहे. तू लहानपणी माझी वही लाल पेनाने तपासायचीस, त्या भीतीने प्रत्येक शब्द दोनदा पाहिला आहे. आठवीत शाळा सुटली, पण ती भीती काही सुटली नाही.

इकडे सर्व ठीक आहे. गॅरेजात काम भरपूर. मालकांचा गुडघा दुखतो, म्हणून त्यांनी वेल्डिंग सोडलं आहे. म्हणजे तसं ते म्हणतात. मी वेल्डिंगला बसलो की ते मागे उभे राहतात आणि त्यांचा हात हवेत आपोआप चालतो. माझी खोली कोरडी आहे. जेवण वेळेवर होतं.

तुझी शिवणाची खोली मालकीणबाई विकायला काढताहेत आणि आधी तुलाच विचारलं, हे फार चांगलं झालं. दोन लाख ऐंशी हजार, एकतीस मार्चपर्यंत. हे मी कॅलेंडरवर लिहून त्याभोवती चौकोन केला आहे. नाही जमलं तर तीन मशिनं घेऊन तू कुठे जाशील हेही मला माहीत आहे. कुठेच नाही.

आता गाडीचं, म्हणजे बाबांच्या दोन सीटांच्या ठेंगणीचं. रविवारी, दहा तारखेला, चष्मेवाले आले होते. म्हणजे चष्म्याचं दुकान असलेले, ज्यांनी गाडीसाठी फेब्रुवारीत वीस हजार इसार दिला ते. वेळ अकराची ठरली होती, ते अकराला पाच कमी असताना आले. माणूस नीटस आहे. ठेंगणीभोवती तीन चकरा मारल्या. खिशातून भिंग काढून दिव्यांच्या काचा पाहिल्या. म्हणाले, "रंग असा आहे की हात लावायला भीती वाटते." मी म्हणालो, "लावा की, वाळलाय." ते हसले. बिनसाखरेचा चहा घेतला आणि गेले.

गाडी त्यांनी नेली नाही. त्यांना गाडीत एक जुनं काम दिसलं, बाबांच्या हातचं. त्यामुळे ठरलेल्या सहा लाखांना जमेना. एवढंच.

तू चिडू नकोस. दुसरं गिऱ्हाईक पाहू. चारही टायर नवे टाकले आहेत, म्हणजे गाडीची किंमत वाढलीच आहे, कमी झालेली नाही. सायलेन्सरही बदलला. आवाज आता बाबांच्या वेळी होता तसा आला आहे, आधी घसा खाकरल्यासारखा आणि मग एकदम मोकळा. तू तो ऐकायला हवा होतास असं वाटलं. बाबा गेल्यावर तू म्हणालीस की अर्धी तुझी, अर्धी माझी, तेव्हा मी लगेच हो म्हणालो होतो. हे सहज आठवलं म्हणून लिहिलं.

कामाची वेळ झाली.

तुझा,
धाकटा

ता. क. फोनवर "वहिनी कशी आहे?" असं विचारत जाऊ नकोस. गॅरेजात स्पीकर चालू असतो. आता सगळे ठेंगणीला माझी बायको म्हणतात. काल एकाने विचारलं, सासर कुठलं?


१९ मार्च, मंगळवार. दुपारी एक वाजून पंचवीस मिनिटं. डबा धुऊन उपडा ठेवला आहे आणि गॅरेजच्या मागच्या बाकावर बसलो आहे. पस्तीस मिनिटं आहेत.

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींना नमस्कार. शनिवारी तू फोनवर जे बोललीस ते त्यांनी ऐकलं असेल तर त्यांना जरा जास्त नमस्कार.

तू विचारलंस, "काम दिसलं म्हणजे काय रे? त्यांना भिंगातून दिसलं, की तू हाताला धरून नेऊन दाखवलंस?" मी म्हणालो, आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता.

मी दाखवलं.

ते चहा पिता पिता म्हणाले, "आयुष्य लोकांचे नंबर काढण्यात गेलं. आता एकदा नव्या रस्त्यावर हिला दीडशेच्या वेगाला न्यायची आहे. एकदाच." दीडशे ऐकलं. मी कप खाली ठेवला, दोन्ही सीटा पुढे सरकवल्या, गालिचाचे चार स्क्रू काढले, तो उचलला आणि म्हणालो, "आधी हे बघा."

काय ते तुलाही माहीत नाही. तुझं लग्न होऊन तू गेली होतीस, मी अकरा वर्षांचा होतो. बाबांनी भंगारातून एक नाही, दोन ठेंगण्या आणल्या होत्या. एकीचा मागचा भाग चेपून भाकरीसारखा झाला होता, दुसरीचं तोंड गेलं होतं. बाबांनी दोन्ही गाड्या सीटांच्या मागे आडव्या कापल्या आणि एकीचं तोंड दुसरीच्या पाठीला जोडलं. सात सुट्ट्या लागल्या. खाली अंधार असायचा म्हणून मी हातदिवा धरायचो. हलला की बाबा ओरडायचे नाहीत, नुसते थांबायचे. ते जास्त वाईट असायचं.

बाहेरून बोट फिरवलंस तरी तुला सांधा कळणार नाही. पण बाबांची सवय तुला ठाऊक आहे. पत्र्याचं कुठलंही काम झालं की रंगाचा पहिला हात देण्याआधी ते टोच्याने पत्र्यावर कोरून ठेवायचे. तारीख, काय केलं, कोणी केलं. गिऱ्हाइकाला ते कधी दिसायचं नाही. पुढेमागे एखाद्या कारागिराने रंग काढला तर त्याला फसल्यासारखं वाटू नये, एवढ्यासाठी. या शहरात निदान दोनशे गाड्या त्यांच्या हस्ताक्षरावर रंग लावून फिरताहेत. ठेंगणीत गालिचाखाली त्यांनी रंग दिलाच नाही, नुसतं वार्निश. तिथे लिहिलं आहे: "पुढचा भाग एकीचा, मागचा दुसरीचा. सांधा माझ्या हातचा." खाली तारीख. आणखी एक ओळ आहे, ती कामाची नाही.

हे मला जानेवारीतही माहीत होतं. तू म्हणालीस, अशा गाडीला सहा लाख मिळतात, तीन तुला, तीन मला, माझी खोली होऊन जाईल. मी म्हणालो, "बघू." तेव्हाच सांगायला हवं होतं. का सांगितलं नाही? पहिलं कारण, बाबांची अब्रू. दुसरं, तुझ्या आवाजात आनंद होता. तिसरं मला सापडत नाही, पण तिसरं आहे.

काल मी मालकांना ठेंगणीखाली झोपवलं. गुडघा धरून ते आत गेले, अर्धा तास बाहेर आले नाहीत. मला वाटलं झोप लागली.

मग आतून म्हणाले, "काय हात होता तुझ्या बापाचा! ह्या सांध्यावर मी घर बांधीन."

"म्हणजे विकायला हरकत नाही?"

"असं कधी म्हणालो मी?"

"मग हरकत आहे?"

"अरे, मला काय विचारतोस? ज्याला ठाऊक आहे त्याने चालवावी. ठाऊक नाही त्याच्या गळ्यात घालू नये."

"पण चष्मेवाल्यांना आता ठाऊक आहे."

"त्यांना आहे. ते उद्या ज्याला विकतील त्याला? आणि तो ज्याला विकेल त्याला? माणूस गालिचा पहिल्यांदाच उचलतो. दुसऱ्यांदा कोणी वाकत नाही." मग ते बाहेर आले, मला पान्याने मारायचं नाटक केलं आणि म्हणाले, "तुझ्या प्रश्नांनी माझा दुसरा गुडघा जाईल."

ताई, त्यांचं म्हणणं मला पटलं. पण पटल्यावर मला जे वाटलं ते बरोबर नव्हतं. मला हलकं वाटलं. कोणीतरी मला गाडी ठेवायची परवानगी दिल्यासारखं. तेव्हापासून मी गोंधळलो आहे. ('संभ्रम' असा शब्द आहे, कोशात पाहिला. पण मला जे होतंय ते 'गोंधळ'च आहे.) मी चष्मेवाल्यांना खरं सांगितलं, ते दीडशेच्या भीतीने सांगितलं की गाडी जाऊ नये म्हणून सांगितलं? बोललो ते खरंच होतं. पण माझ्यातलं कोण बोललं ते मला कळत नाही. तू म्हणतेस मी स्वतःला चांगला समजतो. मला स्वतःला समजून घ्यायचं आहे, चांगला समजायचं नाही.

अजून एक. टायर आणि सायलेन्सर मी इसाराच्या पैशातून आणले. एकोणीस हजार सहाशे. विकायची वस्तू झिजलेल्या टायरांवर देऊ नये असं मनात आलं. निदान त्या दिवशी मला तसंच वाटलं. आता लिहिताना दिसतंय की विकणारा माणूस सायलेन्सरच्या आवाजासाठी तीन दुकानं पालथी घालत नाही.

दोन वाजायला चार मिनिटं आहेत.

तुझा,
धाकटा


२७ मार्च, बुधवार. सकाळी सात वाजून पाच मिनिटं. नोटा दोनदा मोजून, रबर लावून, पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या आहेत. डब्यावर पाय ठेवून लिहितो आहे.

प्रिय ताई,

नमस्कार.

गुरुवारी माझं पत्र पोचल्यावर तुझा फोन आला तेव्हा तू आधी हसलीस, म्हणून मी सावध नव्हतो. "मला वाटत होतं तुझं एकच लग्न झालंय," तू म्हणालीस, "इथे तर दोघी निघाल्या! आणि माझा अर्धा वाटा कुठला रे मग, पुढचा की मागचा?" मीही हसलो. मागून भाऊजीही हसले. मग तू एकदम म्हणालीस, "एक सांग. गिऱ्हाईक परत गेलं, तर इसार मागितला का त्यांनी?"

मी म्हणालो, "नाही."

"वीस हजार सोडून कोणी घरी जातं का? अरे मोजपट्टी, तू मोजतोस, पण मी कापड कापते. किती उरलं त्यावरून किती चोरलं ते मला कळतं. अजून काय आहे?"

मी फोन ठेवला. त्यानंतर तू दोनदा केलास, तो मी वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला, तेव्हा तू ओरडली नाहीस. म्हणालीस, "तुला गाडी हवी होती तर जानेवारीत म्हणायचंस. मी दुसरीकडे हात पसरले असते. दोन महिने होते रे माझ्याकडे." तुझं हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे, शब्दाला शब्द.

तर उरलेलं असं.

त्या रविवारी मी गालिचा उचलला, तेव्हा चष्मेवाले उठून गेले नाहीत. त्यांनी भिंग काढलं, गुडघ्यावर बसले आणि बाबांचं कोरलेलं मोठ्याने वाचलं. "पुढचा भाग एकीचा, मागचा दुसरीचा. सांधा माझ्या हातचा." मग ती शेवटची ओळ वाचली, जी मी तुला लिहिली नव्हती.

"दिवा धाकट्याने धरला."

मला विचारलं, "हा धाकटा कोण?"

मी म्हणालो, "मी."

ते खोक्यावर बसले आणि बराच वेळ आपला चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "चालवणार नाही मी. दुकानात ठेवीन, मोठ्या काचेमागे. हा गालिचा असाच उघडा ठेवायचा आणि वर एक बल्ब. लोक येतील, वाचतील. सहा नाही देता येणार, चार देतो. आज सांगू नका. इसार असू दे तुमच्याजवळ."

चार लाख, ताई. दोन तुझे, आणि माझ्यातले ऐंशी हजार मी तुला त्याच मिनिटाला दिले असते. खोली झाली असती. गाडी कोणाला घेऊन दीडशेने पळणार नव्हती, कोणाच्या गळ्यात पडणार नव्हती. मालक जे सांगतात त्यातलं एकही कारण तिथे लागू नव्हतं. खरेपणाने वागायचं म्हणून मी नाही म्हणालो असतो तर ते कारण इथे संपलं होतं.

मी म्हणालो, "नाही."

ते म्हणाले, "विचार करा."

मी म्हणालो, "केला." केला नव्हता.

का, ते सतरा दिवस शोधतो आहे. लोक बल्बखाली वाकून माझं नाव वाचतील, त्याची लाज? तसं असतं तर ती ओळ झाकून द्यायची अट घालता आली असती. बाबांची आठवण? त्यांची आठवण माझ्याजवळ पुष्कळ आहे, तिला चार चाकं लागत नाहीत. बाबा मला कधी शाबास म्हणाले नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे, तुलाही म्हणाले नाहीत. पंधरा वर्षं मी समजत होतो की मी दिवा हलवायचो आणि त्यांना थांबावं लागायचं. ते कोरलेलं मी पहिल्यांदा वाचलं ते बाबा गेल्यावर, गालिचा वाळवायला काढला तेव्हा. सांधा टिकला त्यात माझाही हात होता, असं त्यांनी लोखंडावर लिहिलं आणि मला सांगितलं नाही. मला राग आला होता की रडू आलं होतं तेही आठवत नाही. गालिचा परत लावला, स्क्रू घट्ट केले, एवढं आठवतं. मग जानेवारीत तू विकू म्हणालीस.

हे कारण आहे का? मला वाटतं आहे. पण हे तुझ्या खोलीपेक्षा मोठं आहे का? मला नाही वाटत. आणि तरी मी नाही म्हणालो. इथे माझी गणितं थांबतात.

तुझ्या गुरुवारच्या फोननंतर मी ठरवलं की जाऊन हो म्हणायचं. हे खरं आहे, ठरवलं होतं. पण द्यायची तर नीट द्यावी म्हणून शुक्रवारी संध्याकाळी धुतली. शनिवारी पॉलिश केलं. रविवारी बॉनेटच्या आतली कडा टूथब्रशने साफ केली, जी काचेमागे कोणालाच दिसली नसती. सोमवारी अर्धा दिवस सुट्टी घेऊन बसने गेलो.

दुकानाच्या मोठ्या काचेमागे एक पिवळी गाडी उभी होती. तिच्या बॉनेटवर चष्म्याच्या फ्रेमा ओळीने मांडल्या होत्या. एका आरशावर लहान मुलांचा चष्मा अडकवला होता.

चष्मेवाले बाहेर आले. म्हणाले, "अहो, तुम्ही नाही म्हणालात! दोन आठवडे वाट पाहिली. शनिवारी ही घेतली. हिच्यात वाचायला काही नाही, पण उभी छान राहते." मग जरा अवघडून म्हणाले, "तो इसार तेवढा सवडीने द्या."

"उद्या देतो," मी म्हणालो, आणि बाहेर आलो.

ताई, मी दुकानातून हसत बाहेर आलो. काचेत माझंच तोंड दिसलं आणि ते हसत होतं. तुझी खोली त्या क्षणी गेली होती आणि मी हसत होतो. हे मी कोणाला सांगितलं नाही, मालकांनाही नाही. शनिवारीच गेलो असतो तर? शुक्रवारीच गेलो असतो तर? गाडी धुवायला तीन दिवस लागत नाहीत. मला लागले.

आता पुढचं.

तुझा वाटा सहाचा अर्धा की चारचा अर्धा, यावर मी दोन दिवस घातले. सहा ही किंमत खोटी होती. पण ती खोटी आहे हे मला माहीत होतं, तुला नव्हतं, आणि तू तिच्या भरवशावर थांबलीस. म्हणून सहाचा अर्धा. तीन लाख. यावर तू वाद घालू नकोस, घातलास तर मी पुन्हा गोंधळेन.

माझी साठवण एक लाख बासष्ट होती. त्यातले वीस हजार काल चष्मेवाल्यांना दिले, पावती घेतली. कंप्रेसर आणि रंगाची गन विकली, स्वतःचं पेंटिंग सुरू करायचं म्हणून घेतली होती ती. अडतीस आले. उरलेल्यासाठी मालकांकडे गेलो. म्हणालो, पगारातून कापून घ्या.

मालक म्हणाले, "सगळं विकलंस आणि गाडी ठेवलीस? झोपायला चटई, फिरायला दोन सीटा! तिथे दुसऱ्या सीटवर कोणाला बसवणार आहेस?"

मी म्हणालो, "ठरलं नाही."

"किती वर्षं ठेवणार?"

"ती विकता येत नाही आता. सांध्यामुळे. तुम्हीच म्हणालात."

"मी सांध्याचं म्हणालो. तुझं विचारतोय."

"मरेपर्यंत," मी म्हणालो. बोलल्यावर मलाच कसंतरी झालं. इतकं मोठं काही मी आजपर्यंत कशाबद्दलच बोललो नव्हतो.

त्यांनी साठ दिले. बडबडत दिले, पण मोजून दिले.

तर दोन लाख चाळीस हजार होतात. तुला चाळीस हजार कमी पडतील आणि ते तुला एका दिवसात उभे करावे लागतील. भाऊजींनी नव्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले आहेत हे मला माहीत आहे. ते मोडावे लागणार ते माझ्यामुळे, हे त्यांना तू सांग, किंवा मी सांगतो. तुझे हात पाच वर्षं त्या जुन्या मशीनच्या पायडलवर दुखत... हात नव्हे, पाय. घाईत चूक झाली, खोडत नाही.

शनिवारी, तीस तारखेला, सकाळच्या बसने पैसे घेऊन येतो. साडेदहापर्यंत पोचेन. पत्र आधी पाठवतो आहे, कारण समोर आलो की मी आवाज तुटल्यासारखं करीन. तू सगळं वाचलेलं असू दे. दार उघडशील तेव्हा काही बोललं नाहीस तरी चालेल. पैसे मोजून घे.

गाडीच्या कागदावर माझ्या एकट्याचं नाव घालायची घाई नाही. तुझा शेवटचा हप्ता फिटेपर्यंत अर्धी तुझीच. त्यानंतरही तू म्हणालीस तर राहील. माझ्या मनात ते काय आहे मला कळत नाही, म्हणून कागदावर तरी स्पष्ट असावं.

खाली हिशेब जोडला आहे. रात्री कच्चा केला तेव्हा त्यात एक रक्कम लिहिली नव्हती. आता लिहिली आहे.

तुझी खोली वेळेवर होवो असं मनापासून वाटणारा, आणि तरी जे केलं ते केलेला,

तुझा भाऊ


खर्च
चार टायर: १६,४००
सायलेन्सर: ३,२००
पॉलिश, कापड, टूथब्रश: ३८०
बस, चष्म्याच्या दुकानापर्यंत, जाऊन-येऊन: ४०
पेट्रोल, सोमवार २५ मार्च: १,२००. दुकानातून परत आल्यावर ठेंगणी बाहेर काढली. नव्या रस्त्याने शेवटच्या पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. साठच्या वर नेली नाही. सांध्यातून काही आवाज आला नाही. शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं. फार बरं वाटलं.
एकूण: २१,२२०

दिले
चष्मेवाल्यांना, इसार परत, मंगळवार २६ मार्च: २०,०००
ताईला, शनिवारी हातात देणार: २,४०,०००

देणे
मालकांचे, दरमहा पाच हजार, पगारातून: ६०,०००
ताईचे, दरमहा पाच हजार, एप्रिल ते पुढचा मार्च: ६०,०००
एकूण देणे: १,२०,०००

येणे
कोणाकडूनही नाही.